पर्जन्याचे आंकडे आणि पीकविम्याची पारख

पावसाळा सरल्यावर "यंदा पाऊस कसा झाला ?" असा प्रश्न कोणत्याही गांवच्या पारावर विचारला, तर दहा जण दहा उत्तरें देतील. एकाची विहीर भरली म्हणून तो "बरा झाला" म्हणेल. दुसऱ्याचें सोयाबीन शेंग भरण्याच्या वेळीं वाळलें म्हणून तो "पावसानें दगा दिला" म्हणेल. दोघेही खरें तेंच सांगतात. परंतु पावसावर उतरविलेल्या विम्याचा करार यांपैकीं कोणाच्याही शब्दावर चालत नाहीं. तो आंकड्यावर चालतो. आणि तो आंकडाही आपल्या शेतांतला नसून मंडळाच्या ठिकाणीं उभ्या असलेल्या एका यंत्रांतला असतो. ही गोष्ट हप्ता भरतांना पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. भरपाई न मिळाल्यावर ती येते.

प्रस्तुत लेखकाची बहुतेक नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. पर्जन्याचीं पत्रकें लिहिणें, तीं जुळविणें व वर पाठविणें हें काम अनेक वर्षें हातून झालें. त्या अनुभवाचा उपयोग या मासिकाच्या वाचकांस व्हावा एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. विमा उतरावा किंवा उतरूं नये असा उपदेश करण्याचा हेतु नाहीं. पावसाचे जुने आंकडे व स्वतःच्या शेताची वही हे दोन कागद समोर ठेवून, पुढें आलेला विमा आपल्या उपयोगाचा आहे कीं नाहीं याची पारख घरीं बसून कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. मिलिमीटर म्हणजे काय

एक मिलिमीटर पाऊस झाला याचा अर्थ असा कीं, पडलेलें पाणी कोठेंही न वाहतां, न मुरतां व न आटतां सपाट जमिनीवर उभें राहिलें असतें, तर त्याची खोली एक मिलिमीटर भरली असती. हें पाणी एका चौरस मीटरावर एक लिटर, एका एकरावर सुमारें ४,०४७ लिटर व एका हेक्टरावर १०,००० लिटर होतें. जुन्या दप्तरांत पाऊस इंच व सेंट या मापांनीं लिहिलेला आढळतो. शंभर सेंटांचा एक इंच व एका इंचाचे २५.४ मिलिमीटर. जुने व नवे आंकडे एकत्र करतांना प्रथम सर्व एका मापांत आणावे. नाहीं तर सारा हिशेब फसतो.

सरकारी पर्जन्यमापकावरील दिवस मध्यरात्रीं बदलत नाहीं. सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतात व तो त्या दिवसाच्या तारखेस लिहितात. म्हणून दहा तारखेच्या संध्याकाळीं पडलेली सर पुस्तकांत अकरा तारखेस सांपडते. ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु विम्याची मुदत ज्या दिवशीं संपते त्याच संध्याकाळीं पाऊस झाला, तर तो मुदतींत धरला कीं बाहेर गेला हें याच नियमावर ठरतें.

तिसरी व्याख्या पावसाच्या दिवसाची. ज्या दिवशीं २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तोच हवामान खात्याच्या हिशेबीं पावसाचा दिवस. त्याहून कमी म्हणजे केवळ भुरभुर. जमीन ओली दिसते, परंतु मुळांपर्यंत कांहीं पोंचत नाहीं.

२. पावसावर विमा ही कल्पना कोठून आली

ही कल्पना परकी नाहीं व अगदीं नवीही नाहीं. मैसूर संस्थानांतील अधिकारी जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं शेतकी विम्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांत पर्जन्यावर आधारलेल्या विम्याची योजना मांडली. तिचें मर्म सोपें आहे. प्रत्येक शेतकऱ्याचें नुकसान स्वतंत्रपणें तपासूं गेल्यास खर्च फार होतो व तंट्यांस अंत राहत नाहीं. पावसाचें माप मात्र सर्वांस एकच, आणि तें विमा घेणाऱ्याच्या हातीं नाहीं. पाऊस ठराविक मर्यादेच्या खालीं गेला कीं त्या भागांतील सर्व विमेदारांस भरपाई द्यावी, पाहणी व पंचनामा यांचें कारण पडूं नये, असा तो विचार होता. तो त्या काळीं मोठ्या प्रमाणावर अमलांत आला नाहीं.

पुढें १९७६ सालीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनीं वेगळा मार्ग सुचविला. नुकसान एकेका शेतकऱ्याचें न मोजतां एकसारख्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून मोजावें, असें त्यांचें म्हणणें. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची व्यापक योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना व २०१६ सालापासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा पाया हा क्षेत्राचाच आहे. या शेवटच्या योजनेंत मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांची सरासरी काढून तिच्या ठराविक टक्क्यांस उंबरठा उत्पन्न म्हणतात. आणि पीक कापणी प्रयोगांत मंडळाचें सरासरी उत्पन्न त्याखालीं आलें तर भरपाई देतात.

पावसाच्या मापावरील विमा आपल्या देशांत प्रत्यक्ष सुरू झाला तो २००३ सालीं, त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील महबूबनगर जिल्ह्यांत. भुईमूग व एरंडी पिकविणाऱ्या थोडक्या शेतकऱ्यांपासून त्याचा आरंभ झाला. २००७ सालीं केंद्र सरकारनें हवामानावर आधारित पीकविमा प्रायोगिक रीतीनें हातीं घेतला व २०१६ सालीं त्याची पुनर्रचना झाली. महाराष्ट्रांत फळबागांस हाच विमा लागू आहे. संत्रा, मोसंबी यांसारख्या फळांच्या मृगबहारास कमी पाऊस व पावसांतील खंड हे धोके धरले जातात. अन्य फळांस व आंबिया बहारास अवेळी पाऊस, उष्णता, थंडी इत्यादि धोके असतात. हवामान नोंदण्यासाठीं राज्यांत महावेध प्रकल्पाखालीं मंडळोमंडळीं मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रें उभारलीं आहेत.

तेव्हां वाचकांनीं प्रथम हें ओळखावें कीं आपल्यापुढें आलेला विमा उत्पन्नाच्या मापाचा आहे कीं हवामानाच्या मापाचा. पुढील विवेचन दुसऱ्या प्रकारास लागू आहे.

३. करारांतील पांच शब्द

हवामानावरील विम्याचें पत्रक कितीही लांब असलें तरी त्यांत पांच गोष्टी शोधाव्या व वहींत उतरून घ्याव्या.

(अ) मुदत : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा पाऊस मोजला जाईल.
(आ) संदर्भ केंद्र : कोणत्या ठिकाणच्या यंत्राचा आंकडा धरला जाईल.
(इ) प्रमाणक, ज्यास बोलण्यांत ट्रिगर म्हणतात : किती मिलिमीटरांच्या खालीं पाऊस गेला असतां भरपाईस आरंभ होईल.
(ई) भरपाईचा दर : प्रमाणकाखालीं दर मिलिमीटरास किती रुपये, आणि पूर्ण रक्कम कोणत्या मर्यादेस मिळेल.
(उ) विमा संरक्षित रक्कम व हप्ता : एकूण हप्ता किती, त्यांतील आपला हिस्सा किती.

हप्त्याविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. प्रधानमंत्री योजनेंत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्यें व गळिताचीं पिकें यांस संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का, आणि नगदी व फळपिकांस ५ टक्के इतका ठरलेला आहे. उरलेला भार सरकारें उचलतात. महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून हा हिस्सा केवळ एक रुपया केला होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन पुन्हां टक्केवारीनें हप्ता घेणें सुरू झालें. एक रुपया देतांना कोणी हिशेब करीत नव्हता. आतां तो करणें प्राप्त आहे.

४. दहा वर्षांचा हिशेब

आतां उदाहरण घेऊं. पुढील आंकडे कोण्या एका गांवचे नव्हेत. रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. समजा, कराराची मुदत १६ जुलै ते ३१ ऑगस्ट. प्रमाणक २०० मिलिमीटर. त्याखालीं दर मिलिमीटरास हेक्टरीं १०० रुपये. पाऊस ८० मिलिमीटर किंवा कमी झाल्यास पूर्ण रक्कम १२,००० रुपये. संदर्भ केंद्राचा त्या मुदतीचा मागील दहा वर्षांचा पाऊस मिळविला व प्रत्येक वर्षास "हा विमा त्या वर्षीं असता तर काय मिळालें असतें ?" हा प्रश्न विचारला.

पहिलें वर्ष : पाऊस ३१० मि.मी., भरपाई नाहीं.
दुसरें : १८५, भरपाई १,५०० रुपये.
तिसरें : २६०, नाहीं.
चौथें : १४०, भरपाई ६,००० रुपये.
पांचवें : २२५, नाहीं.
सहावें : ४०२, नाहीं.
सातवें : ७०, पूर्ण भरपाई १२,००० रुपये.
आठवें : २९०, नाहीं.
नववें : १९८, भरपाई २०० रुपये.
दहावें : २४०, नाहीं.

एकूण भरपाई १९,७०० रुपये. दर वर्षास सरासरी १,९७० रुपये. ही विम्याची मूळ किंमत. संरक्षित रकमेच्या ५ टक्के म्हणजे ६०० रुपये आपल्यास द्यावे लागत असतील, तर दहा वर्षांत ६,००० भरून १९,७०० आले असते. परंतु सरकारी मदत नसून सबंध हप्ता २० टक्के म्हणजे २,४०० रुपये आपणच भरावयाचा असता, तर २४,००० देऊन १९,७०० परत आले असते. तेवढ्यानें विमा वाईट ठरत नाहीं. सातव्या वर्षाच्या दुष्काळांत हातीं आलेले १२,००० रुपये व चांगल्या वर्षीं खिशांतून गेलेले २,४०० रुपये यांचें मोल सारखें नसतें. सावकाराच्या दारीं जाणें टळलें तर त्या फरकाचें सार्थक होतें. तरीपण किती देऊन काय घेतों हें ठाऊक असावें.

येथें दोन चुका होण्याचा संभव आहे. पहिली, सरासरी पावसावरून हिशेब करण्याची. वरील दहा वर्षांच्या पावसाची सरासरी २३२ मिलिमीटर येते. ती प्रमाणकाच्या वर आहे, म्हणून कोणी म्हणेल कीं, "आमच्याकडे पाऊस पुरेसा आहे, भरपाई कधीं मिळावयाचीच नाहीं." प्रत्यक्षांत ती दहांपैकीं चार वर्षें मिळाली असती. म्हणून प्रथम प्रत्येक वर्षाची भरपाई काढावी व नंतर भरपाईची सरासरी घ्यावी. पावसाची सरासरी घेऊन भरपाई काढूं नये.

दुसरी चूक थोडक्या वर्षांवर विसंबण्याची. वरील यादींतून केवळ सातवें वर्ष वगळलें तर नऊ वर्षांची भरपाई ७,७०० रुपये व सरासरी सुमारें ८५६ रुपये होते. एका वर्षानें विम्याची किंमत निम्म्याहून अधिक बदलली. यास्तव दहा वर्षांवर संतुष्ट न राहतां पंचवीस-तीस वर्षांचे आंकडे मिळविण्याचा यत्न करावा. मोठा दुष्काळ दर दशकास नेमानें येत नाहीं.

५. शेताची वही शेजारीं ठेवावी

येथवरचा हिशेब विमा कंपनीही करते. शेतकऱ्यानें करावयाचा खरा हिशेब याच्या पुढें आहे. कारण कंपनीजवळ पावसाचें पुस्तक असतें, परंतु आपल्या शेताची वही नसते.

वरील उदाहरणांत एका शेतकऱ्याच्या वहींत चार वर्षें नुकसानीचीं निघालीं असें समजूं. चौथ्या वर्षीं हेक्टरीं ७,००० रुपयांचें नुकसान, भरपाई ६,०००. सहाव्या वर्षीं अतिवृष्टीनें पीक कुजून ९,००० चें नुकसान, भरपाई शून्य. सातव्या वर्षीं १४,००० चें नुकसान, भरपाई १२,०००. दहाव्या वर्षीं ८,००० चें नुकसान, भरपाई शून्य. एकूण नुकसान ३८,००० रुपये. त्यांपैकीं भरून निघाले १८,०००, म्हणजे निम्म्याहून कमी. उलट दुसऱ्या व नवव्या वर्षीं पीक बरें असूनही मिळून १,७०० रुपये आले.

सहाव्या वर्षाचें कारण उघड आहे. करार कमी पावसाचा होता, अधिक पावसाचा नव्हता. एका दिवसांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला असतां महसूल खातें त्यास अतिवृष्टि म्हणतें व सरकारी मदतीचा विचार होतो. पण ती मदत वेगळी व विमा वेगळा.

दहावें वर्ष मात्र विचार करण्याजोगें आहे. मुदतींत २४० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे प्रमाणकाहून ४० अधिक. तरी पीक गेलें. रोजचे आंकडे मांडले असतां कारण दिसतें. १६ ते २० जुलै या पांच दिवसांत १५० मिलिमीटर पडला. २१ जुलै ते १८ ऑगस्ट या २९ दिवसांत मिळून १२, आणि तोही कोणत्याच दिवशीं २.५ पर्यंत पोंचला नाहीं. नंतर उरलेला ७८. पुष्य व आश्लेषा हीं दोन्ही नक्षत्रें कोरडीं गेलीं आणि सोयाबीनचा फुलोरा गळाला. बेरीज पुरी, पण वेळ चुकली. पिकास बेरीज कळत नाहीं.

म्हणून करारांत केवळ एकूण पावसाचें प्रमाणक आहे कीं पावसाच्या खंडाचेंही आहे, हें पाहावें. खंडाचें असल्यास किती दिवसांचा खंड धरला आहे व किती मिलिमीटरांखालचा दिवस कोरडा मानला आहे, हें विचारावें. हलक्या मुरमाड जमिनीस बारा-पंधरा दिवसांची ओढही जड जाते. भारी काळ्या जमिनींत तीन आठवडे निभावतात. एकच करार या दोन्ही शेतांस सारखा उपयोगी पडणार नाहीं.

दुसरी तफावत अंतराची. केंद्र व शेत यांत आठ-दहा मैल असले, मध्यें एखादी डोंगराची रांग असली, तर पाऊस निराळा पडतो. महाबळेश्वरीं वर्षाचा सरासरी पाऊस ५,५०० मिलिमीटरांहून अधिक. आणि तेथून घाट उतरून पायथ्याशीं असलेल्या वाईस त्याचा एक पंचमांशही पडत नाहीं. सर्वत्र इतका फरक नसतो. परंतु वळवाच्या व परतीच्या पावसांत एका शिवारांत ओढा वाहतो आणि शेजारच्या शिवारांत धूळ उडते, हा अनुभव कोणास नाहीं? केंद्र जितकें दूर तितका विमा आपल्या शेताचा कमी व दैवाचा अधिक, असें समजावें.

६. आंकडा खरा कशावरून

विम्याचा सारा व्यवहार एका आंकड्यावर उभा असेल तर तो आंकडा कसा तयार होतो हें जाणणें आवश्यक आहे. याविषयीं माझ्याच हातची एक चूक सांगतों.

एका तालुक्याच्या ठिकाणीं मी असतांना पर्जन्यमापकांतील पाणी मोजण्याचा कांचेचा पेला फुटला. नवा येईपर्यंत काम अडूं नये म्हणून कपाटांतील दुसरा पेला काढला व मोजणी चालू ठेविली. आमच्या मापकाचें तोंड २०० चौरस सेंटिमीटरांचें होतें. पेला मात्र १०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाचा होता. एक मिलिमीटर पावसाचें पाणी पहिल्यांत २० घन सेंटिमीटर भरतें व दुसऱ्यांत १०. म्हणजे दहा मिलिमीटर पडलेला पाऊस आम्हीं वीस म्हणून लिहीत होतों. पुस्तकांतील अक्षर माझें होतें.

तीन आठवडे असेच गेले. मग एके दिवशीं एक वयस्क शेतकरी कचेरींत आले व म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या पुस्तकांत पाऊस आहे, माझ्या विहिरींत नाहीं." त्यांनीं अंगणांत एक सरळ कडांचा डबा ठेविला होता व रोज सकाळीं पट्टीनें मोजून दिनदर्शिकेवर आंकडा लिहिला होता. मीं त्यांस सांगितलें, "काका, डबा म्हणजे कांहीं सरकारी मापक नव्हे." ते दिनदर्शिका टेबलावर ठेवून उठून गेले. संध्याकाळीं मीं दोन्ही आंकडे शेजारीं मांडून पाहिले. त्यांचा आंकडा रोजच माझ्या आंकड्याच्या निम्म्याच्या आसपास होता. पाऊस जागोजागीं कमी-जास्त पडतो हें खरें. पण तो रोज नेमका निम्मा पडत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पेला तपासला, चूक वर कळविली व आंकडे दुरुस्त केले. परंतु मधल्या काळांत जीं पत्रकें वर गेलीं होतीं, त्यांवरून आमच्याकडील तूट कोणाच्याही दृष्टीस पडली नाहीं. त्या गृहस्थांनीं डबा ठेविला नसता तर तीं तीन आठवड्यांची खोटी ओल कायमची दप्तरांत राहिली असती. त्यांच्याशीं मी ज्या स्वरांत बोललों त्याची लाज अजून वाटते.

आतां बहुतेक ठिकाणीं स्वयंचलित यंत्रें आलीं आहेत. परंतु यंत्रासही दोष असतात. नरसाळ्यांत पाला, धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचें जाळें अडकलें तर पाऊस कमी नोंदला जातो. झाड वाढून मापकावर आलें तरी तेंच. मापक कोणत्याही झाडापासून वा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. जुन्या पुस्तकांत आणखी एक दोष आढळतो. "पाऊस नाहीं" यास शून्य व "मोजलाच नाहीं" यास आडवी रेघ लिहिण्याचा नियम आहे. पण सुटीच्या दिवशींच्या रेघा पुढें कोणी शून्य समजून उतरल्या कीं खोटा खंड तयार होतो.

असे दोष पकडण्याची एक सोपी रीत आहे. आपल्या केंद्राचा हंगामाचा पाऊस व आसपासच्या तीन-चार केंद्रांची सरासरी यांचें प्रमाण दर वर्षीं काढावें. हें प्रमाण वर्षानुवर्षें साधारण सारखें राहतें. एखाद्या वर्षापासून तें एकदम बदललें व तसेंच राहिलें, तर मापकाची जागा, यंत्र किंवा परिसर बदलला असावा असा संशय घेऊन चौकशी करावी.

७. काय करावें

पहिलें, आंकडे मिळवावे. मंडळवार रोजचा पाऊस राज्याच्या कृषि विभागाच्या पर्जन्यनोंदीच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. हवामान खात्याच्या पुणें येथील कार्यालयांत जुने आंकडे जतन केलेले आहेत. तालुक्याच्या कचेरींतील जुनीं पुस्तकें पाहण्यास अडचण आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें नक्कल मागतां येते.

दुसरें, घरीं पर्जन्यमापक ठेवावा. विकतचा मिळाल्यास उत्तम. नाहीं तर सपाट बुडाचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा मोकळ्या जागीं, हलणार नाहीं असा बसवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें खोली मोजून वहींत लिहावी व डबा रिकामा करावा. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. मोजलें नसेल तर तसें स्पष्ट लिहावें. याच वहींत पेरणी, फुलोरा, कापणी यांच्या तारखा व उत्पन्न लिहावें. ही नोंद विमा कंपनीवर बंधनकारक नाहीं, हें आधींच जाणून असावें. तथापि केंद्राचा आंकडा चुकला असें दाखवावयाचें तर अशा नोंदीवांचून दुसरें साधन नाहीं; आणि एका घरच्या वहीपेक्षां एकाच मंडळांतील वीस घरच्या वह्या सारखें बोलूं लागल्या तर त्यांकडे दुर्लक्ष करणें कोणासही कठीण जातें.

तिसरें, हंगामापूर्वीं हिशेब मांडावा. मागील जितक्या वर्षांचे आंकडे मिळतील तितक्या वर्षांची भरपाई काढावी, शेजारीं आपल्या नुकसानीचीं वर्षें लिहावीं व दोनच प्रश्न विचारावे. माझ्या वाईट वर्षांपैकीं किती वर्षीं या विम्यानें मला हात दिला असता ? आणि त्यासाठीं मला एकूण किती द्यावें लागलें असतें ? पहिल्याचें उत्तर निम्म्याहून पुष्कळ कमी आलें, तर अशा विम्यावर विसंबून कर्ज काढूं नये. कडबा, धान्य, शेततळें व हातची थोडी शिल्लक हाच त्या शेताचा खरा विमा होय. उत्तर चांगलें आलें, तर मुदत चुकूं न देतां विमा उतरावा व पावती जपून ठेवावी.

चौथें काम आपल्या संघानें करण्यासारखें आहे. प्रत्येक गांवीं निदान दोन सभासदांनीं वर सांगितल्याप्रमाणें वही ठेवावी व दिवाळीनंतरच्या सभेंत त्या सर्व वह्या केंद्राच्या आंकड्यांशीं ताडून पाहाव्या. खर्च एका डब्याचा व रोजच्या दोन मिनिटांचा आहे. पुढील रोहिणी निघण्यापूर्वीं डबा जागेवर बसला असावा, इतकीच वाचकांस विनंति आहे.